सणांच्या बेटावर वर्ष पाळताना

आमच्या घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. गुढी नाही, पुरण नाही, गणपती आणायचा नाही, अंगाला नवं कापड लावायचं नाही, आणि गाण्या-नाचाच्या जागी तर उभंसुद्धा राहायचं नाही. वर्षश्राद्ध झालं की मग एकेक सण हळूहळू घरात परत येतो. सासूबाईंनी पाळलं, त्यांच्या सासूबाईंनी पाळलं, आणि आमचे हे गेले तेव्हा मीही ठरवलं की आपणही पाळायचं. मुलगा म्हणाला, "आई, इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये कोण बघतंय?" पण कोणी बघावं म्हणून थोडंच होतं ते! जन्मभर त्या माणसाच्या चहात साखर घातली, डबे भरले, भांडणं केली. आता त्यांच्यासाठी करण्यासारखं एवढं एकच काम हातात उरलं होतं. ते अर्धवट सोडायचं नाही, इतकंच मनात होतं.

आणि हे वर्ष पाळायला मी जाऊन बसले कुठे? तर हवाईला!

त्याचं असं झालं. माझी लेक हवाईतल्या हिलो गावात असते, तिथल्या दवाखान्यात काम करते. वडिलांचं सगळं उरकल्यावर ती म्हणाली, "दादा-वहिनी सकाळी फ्रीवेला लागतात ते संध्याकाळी उगवतात. तू दिवसभर त्या टाउनहाऊसमध्ये भिंतींशी बोलत बसणार. माझ्याकडे चल." मी निघाले. मुलीकडे जाऊन राहणं आमच्या पिढीला अवघड वाटतं, पण तेव्हा मला काहीच अवघडही वाटत नव्हतं आणि सोपंही वाटत नव्हतं.

विमानातून उतरले आणि पहिल्यांदा नाकाला कळलं. ओल्या मातीचा, पिकलेल्या पेरूचा वास. लेकीच्या अंगणात गेले तर मी नुसती बघतच राहिले. जास्वंद कुंपणभर, चाफा दारात, मागे केळी, पपई, फणस, आणि पन्हळीखाली अळू! अहो, आम्ही नवीन नवीन ॲन आर्बरला होतो तेव्हा हे बाहेर बर्फ उपसायचे आणि मी आत खिडकीशी कुंडीतली तुळस जगवायला धडपडायचे. दर हिवाळ्यात ती मरायची, दर वसंतात मी पुन्हा लावायचे. आणि या देशातच, याच पासपोर्टावर, अळू आपोआप उगवतंय अशी एक जागा होती, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. खाली माती काळी कुळकुळीत. जावई म्हणाला, ही सगळी डोंगरातून वाहत आलेली आग आहे, थंड झालेली. मी पायातली चप्पल काढली. आगीवर चप्पल घालून कसं उभं राहायचं?

जावयाबद्दल सांगते. त्याच्या वडिलांच्या घरात अर्धं रक्त हवाईयन, अर्धं पोर्तुगीज. आईचं माहेर जपानी, तिचे आजोबा इथे उसाच्या मळ्यात मजुरीला आले होते. म्हणजे अख्खं बेटच एका माणसात. ते आजोबा ऊस तोडायला आले होते हे कळलं तेव्हा माझी विहीणबाई मला एकदम जवळची वाटली. माझं माहेर सांगलीकडचं. ऊस म्हटलं की मला पाचटानं कापलेले हात दिसतात, मग ते हात जपानी का असेनात.

विहीणबाई म्हणजे बुटकी, काटक बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून रिटायर झालेली. माझं इंग्रजी टीव्ही आणि लायब्ररीच्या पुस्तकांवर पोसलेलं, तिचं इथल्या बेटाचं, तरी आमचं जमायचं. आपल्याकडे मुलाच्या आईचा मान असतो, तिला साडी, तिचा रुसवा, तिची मनधरणी. इथे तीच माझ्या बॅगा उचलून गाडीत ठेवत होती. मी म्हटलं, "अहो, राहू दे, आमच्यात हे उलटं असतं." ती म्हणाली, "तुमचं तुम्ही करा. बॅग मी उचलते."

तर असं हे बेट, आणि त्यावर सणांचा पाऊस! एक संपला की दुसरा. बाकी सगळीकडे वर्ष पाळणं सोपं असतं हो, दार लावलं की झालं. इथे दार लावलं तरी सण कुंपणावरून आत येतो.

चिनी लोकांचं नवं वर्ष लागलं तेव्हा मी किराणा दुकानाच्या आवारात लेकीची वाट बघत उभी होते. अचानक ढोल, झांजा, फटाक्यांच्या माळा, आणि दोन माणसं आत शिरून नाचवत असलेला सिंह! लाल, सोनेरी, डोळे मिचकावणारा. मी पाठ फिरवून पपयांकडे बघायला लागले. सण बघायचा नाही ना! तर तो सिंह सगळं सोडून माझ्याच मागे येऊन उभा राहिला आणि त्यानं मान तिरकी करून माझ्या खांद्याशी जबडा वाजवला. मी त्याला चक्क मराठीत म्हटलं, "बाबा रे, माझं वर्ष आहे, पुढच्या साली ये." आणि खरं सांगते, तो मान लववून गेला. आतल्या पोराला काय कळलं देव जाणे, पण माझ्या अंगावर काटा आला.

पुढे शेजारच्या फिलिपिनो कुटुंबाचा त्यांच्या संताचा उत्सव. बँड, दिवे, अख्खं डुक्कर भाजायला टांगलेलं. मी पडदे ओढून घेतले. अर्ध्या तासात शेजारीण कुंपणावरून ताट घेऊन हजर. तिला कोणीतरी सांगितलं होतं की मी मांस खात नाही, म्हणून नुसता भात, केळ्याचे तळलेले तुकडे, नारळाची वडी. आलेलं ताट परत पाठवता येत नाही, आणि रिकामं तर मुळीच नाही. पण सणाचं गोडधोड मी करू शकत नव्हते, मग साधी थालीपिठं लावली आणि तेच ताट भरून दिलं. त्यानंतर ती बाई भेटली की दोन बोटांनी भोक पाडल्यासारखं करून दाखवायची. थालीपिठाच्या मधल्या भोकाचं तिला फार कौतुक.

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी इथे फुलांच्या माळांचा सण असतो. लेकीची मुलगी, माझी नात, शाळेतून धावत आली आणि, मी काही म्हणायच्या आत, तिनं चाफ्याची माळ माझ्या गळ्यात घातली. माझे हात तसेच हवेत. फुलं तर मी सोडली होती. पण इथे कोणी माळ घातली की तिच्यासमोर काढायची नसते, तो घालणाऱ्याचा अपमान. नात म्हणत होती, "आजी, यू लुक सो प्रिटी!" मी ती माळ तशीच घालून बसले, नात अंघोळीला गेल्यावर काढली आणि ह्यांच्या फोटोला घातली. मागे वळून बघते तर दारात विहीणबाई. मला वाटलं, आता राग येणार. ती पुढे आली, फोटोवरची माळ नीट केली, एका बाजूला सरकली होती ती. म्हणाली, "आम्हीपण घालतो. चांगला दिसतो तुमचा नवरा." आणि मग, "आता तो आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापकासारखा दिसतोय. रिटायर होताना."

मी हसले. ह्यांच्यानंतर बहुतेक पहिल्यांदाच.

जूनमध्ये ती पपयांची पिशवी घेऊन आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "शनिवारी आमच्या देवळात बोन आहे. तुम्ही यायचं."

"बोन म्हणजे काय?"

"मेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी नाचायचं."

मी पपई खाली ठेवली. पितरं येतात हे मला माहीत आहे हो. आपल्या पितृपक्षात येतातच की. पण आपण तेव्हा किती जपून वागतो! पान वाढायचं, कावळ्याची वाट बघायची, खरेदी नाही, शुभकार्य नाही, घरात आवाजसुद्धा हळू. आणि ही म्हणते नाचायचं!

"मेलेल्या माणसांसाठी नाचतात?" मी विचारलं.

"रडून झालेलं असतं ना," ती म्हणाली. "पुन्हा तेच काय दाखवायचं त्यांना?"

मी सांगितलं, माझं वर्ष आहे, वर्षात सणाला जात नाहीत. ती म्हणाली, हा सण नाही. मी म्हटलं, मग काय, श्राद्ध आहे? श्राद्ध म्हणजे काय ते लेकीनं तिला समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं, विचार केला.

"दोन्ही," ती म्हणाली. "आणि खायलापण असतं."

लेक फिस्सकन हसली. पण विहीणबाई हसली नाही. ती माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "आमच्यात पहिल्या वर्षाचं घर सगळ्यात आधी येतं. बाकीचे जुने झालेले असतात, त्यांना रस्ता माहीत असतो. पहिल्या वर्षाचा माणूस नवा असतो. घरचं कोणी दिसलं नाही तर तो कोणाकडे बघणार?"

"ते कॅलिफोर्नियात गेले हो. त्यांना हिलो कुठे माहीत?"

"त्याची बायको कुठे आहे ते त्याला माहीत असेल की नाही? मी दिवा सांगून ठेवलाय." आणि ती उठून गेली. पुढे वाद नाही, काही नाही.

बघा म्हणजे काय पेच! ज्या वर्षी आम्ही सगळ्यांपासून लांब राहायचं, नेमकं त्याच वर्षी विहीणबाईंकडे सगळ्यात पुढे उभं राहायचं. गेले तर ह्यांच्यासाठी धरलेलं एकुलतं एक काम मोडतं. न जावं तर तिनं ते वाट चुकलेलं माणूस डोक्यात घालून ठेवलेलं. हे तसे रस्ते चुकायचेच. क्युपर्टिनोला भिशीला निघालो की मी म्हणायची, विचारा कोणाला तरी, आणि हे कधी विचारायचे नाहीत.

मी पुण्याला वन्संना फोन लावला. ह्यांच्या थोरल्या बहीण. घरातलं शास्त्र त्यांच्या जिभेवर असतं.

"नाच?" त्या म्हणाल्या. "वर्षाच्या आत? अगं, एवढी वर्षं अमेरिकेत काढलीस, कधी पाय हलवला नाहीस, आणि आता माझा भाऊ गेल्यावर नाचायला निघालीस?"

"नाचायला नाही हो वन्सं. त्यांच्या नावाचा दिवा लावलाय, तेवढा नमस्कार करून—"

"नमस्कार घरीसुद्धा होतो," म्हणत त्यांनी फोन ठेवला. मग पुन्हा त्यांचाच फोन आला. "दिवा कोणी लावलाय म्हणालीस?"

"विहीणबाईंनी."

"हं," म्हणाल्या. "दिव्याला पाठ दाखवू नये. पण नाचू नकोस."

तसंच मी ठरवलं. दिव्याला नमस्कार करायचा आणि गाडीत येऊन बसायचं.

जपानी बौद्धांचं ते देऊळ गावाबाहेर चढावर. लाकडी, पत्र्याचं छप्पर, मागे थडगी. पूर्वी सभोवती ऊसच ऊस होता म्हणे, आता गवत. पाऊस नुकताच थांबला होता, उजेड अजून होता, आणि अंगणभर दोऱ्यांवर गुलाबी-पांढरे कागदी कंदील. मधोमध लाकडी मचाण, त्यावर ढोल. देवळाच्या पडवीत वेगळे टांगलेले साधे पांढरे कागदी दिवे, प्रत्येकावर एकेक नाव. कुठे जपानी अक्षरं, कुठे इंग्रजी. आणि त्यांच्यामध्ये, वाऱ्यावर जरासं गिरकी घेत, ह्यांचं नाव. मराठीत. लेकीच्या अक्षरात. ती अक्षरं तिला ह्यांनीच शिकवली होती, जेवणाच्या टेबलावर, बाहेर बर्फ पडत असताना. रडत रडत गिरवायची पोर. एवढ्या परक्या नावांमध्ये ते नाव असं टांगलेलं होतं की जणू ते नेहमीच तिथले. नमस्कार करायचंही राहून गेलं.

विहीणबाईंनी मला आत ढकललं. पहिल्या वर्षाची घरं आधी, आणि त्यातही मी पाहुणी म्हणून सगळ्यात पुढे. म्हणजे बघून शिकायला माझ्यापुढे कोणीच नाही! देवासमोर एक लाकडी पेटी. एका बाजूला तपकिरी बारीक पूड, दुसऱ्या बाजूला राखेतून धूर. पुजाऱ्यानं मान लववून खूण केली. मला काय वाटणार? अंगारा! देवळात पेटीत पूड ठेवलेली, ती आपण कशासाठी असते म्हणतो? मी भक्तिभावानं चिमूट घेतली आणि कपाळाला लावली. चांगलं मोठं बोट ओढलं.

पुजाऱ्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. ती धुपाची पूड होती, निखाऱ्यावर घालायची. मागे रांगेत कुणीतरी श्वास आत ओढला. लेक कुजबुजली, "आई, ते जाळायचं असतं." माझे कान तापले. आता पुसू, की तसंच ठेवू? ह्यांच्या नावाच्या दिवशी, सगळ्या गावासमोर!

तेवढ्यात विहीणबाई माझ्या शेजारी आली. तिनं चिमूट घेतली. सगळ्यांना दिसेल अशी, सावकाश, स्वतःच्या कपाळाला लावली. मग दुसरी चिमूट घेतली आणि ती निखाऱ्यावर सोडली, आणि माझ्याकडे बघितलं. मीही तसंच केलं. धूर वर गेला. मागे नात, तिच्यामागे जावई, दोघांनी आधी कपाळाला लावलं, मग जाळलं. म्हातारा पुजारी क्षणभर थांबला आणि त्यानंही एक बोट पुडीत बुडवून कपाळाला टेकवलं. मी आयुष्यात खूप देवळं पाहिली. असा देव पाहिला नव्हता.

बाहेर आलो तर ढोल सुरू झाला होता. लेकीनं मला खुर्ची दिली. गाडीत जाऊन बसायचं होतं ना, पण पाय निघेनात. मचाणाभोवती माणसं गोल फिरत होती. किमोनोतल्या म्हाताऱ्या, दवाखान्याच्या कपड्यांत तशीच आलेली नर्स, खांद्यावर बाळ घेतलेला पहाडासारखा हवाईयन माणूस, चाक लावलेली काठी ढकलत एक आजोबा. आणि हो, आमची थालीपीठवाली शेजारीण! एक नाच खाणीत कोळसा उपसायचा: खणा, खणा, खांद्यावरून मागे टाका, कपाळावर हात घेऊन लांब बघा, गाडी ढकला. सगळे हात एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. कोणाचं चुकलं तरी कोणी थांबत नव्हतं, गोलच त्याला पुढे घेऊन जात होता. ज्यांचे आजे-पणजे इथे राबून राबून मेले, त्यांच्याचसाठी त्यांची नातवंडं राबण्याचा नाच करत होती, आणि ज्यांचे पणजे मळ्यातले मुकादम होते त्यांचीही पोरं त्याच गोलात. मी एकटक बघत होते. आणि माझ्या पायांना काहीतरी आठवायला लागलं. भोंडला! पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती आम्ही मुली असाच फेर धरायचो, एक पाऊल पुढे, एक आत. पितृपक्ष संपला की लगेच. बघा, पितरं आणि फेर आमच्याकडेही शेजारी-शेजारीच होते. मध्ये एक रात्र तेवढी होती.

विहीणबाई समोर येऊन उभी राहिली. घामानं कपाळावरची पूड ओघळून भुवयांपर्यंत आलेली.

"चला," ती म्हणाली.

"वन्संना सांगितलंय मी नाचणार नाही."

"वन्सं कोण?"

"ह्यांची थोरली बहीण. पुण्याला."

"ती इथे आहे?"

"नाही."

"तुमचा नवरा इथे आहे." तिनं स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवलं. "तुमच्यातलं मी केलं. मला विचारायलासुद्धा लागलं नाही."

मी पदर खोचला आणि उठले.

पहिला फेर नुसता चुकला. मी खणत होते तेव्हा सगळे ढकलत होते. मागची नर्स म्हणाली, "यू आर डुइंग ग्रेट, आंटी!" खोटारडी कुठली. दुसऱ्या फेऱ्याला हात सापडले. कपाळावर हात धरून लांब बघायचं आलं की समोर पडवी यायची, पांढरे दिवे यायचे. दर फेऱ्याला. मी बघायची. तो नाचच तसा आहे, बघावंच लागतं. अंधार पडत गेला तसे दिवे उजळत गेले, आणि त्या नावाशी आलं की मला असं स्पष्ट वाटायचं की पलीकडूनही कोणी कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून, कोण आहे ही खोचलेल्या पदराची म्हणून बघतंय. भीती नाही वाटली. रडूही नाही आलं. नुसतं छातीत मोठं काहीतरी उघडलं, समुद्र पहिल्यांदा बघताना होतं तसं. केवढी माणसं, कुठून कुठून आलेली, आणि त्यांचे सगळे मेलेले एकाच पडवीत!

वन्संना मी दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं. लपवून काय करायचं? त्या म्हणाल्या, "दिसलं का नाव नीट?" मी म्हटलं, "दर फेऱ्याला."

"मग आता गणपती आणणार असशील."

"नाही हो. वर्ष व्हायचंय."

"म्हणजे नाचायला चालतं आणि गणपती चालत नाही? हे कुठल्या शास्त्रात?"

"मला शास्त्र नाही माहीत, वन्सं. गणपती आमच्यासाठी असतो, ते घरात नसताना कशाला? नाच त्यांच्यासाठी होता."

त्यांनी "हं" केलं. त्यांचं "हं" कसं असतं ते मला ठाऊक आहे, मी पुढे काही विचारलं नाही. त्या वर्षी मोदक झाले नाहीत, दिवाळीला आकाशकंदील लागला नाही, वर्षश्राद्ध फ्रीमाँटला जाऊन रीतसर केलं. सगळं पाळलं.

पण इथे उन्हाळाभर दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या देवळात बोन असतो, हे मला त्या पहिल्या बोननंतर कळलं. पुढच्या शनिवारी विहीणबाईंनी गाडीचा हॉर्न वाजवला तेव्हा लेक धावत आत सांगायला आली. मी पायरीवर चपला घालून बसलेलीच होते.